मुलींच्या कॉलेज संघासाठी वेगळं आइस हॉकी स्टेडियम बांधणं म्हणजे पैशांची उधळपट्टी नाही का?

शेजारीच मोठं स्टेडियम असताना मुलींसाठी दुसरं कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी मिनियापोलिसमध्ये राहते. मिनेसोटा विद्यापीठाच्या रिडर अरीनात बरीच वर्षं सामने बघायला जाते, त्यामुळे अगदी ठामपणे सांगते: उधळपट्टी अजिबात नाही.

रिडर 2002 साली सुरू झालं. खास महिलांच्या कॉलेज हॉकीसाठी बांधलेलं अमेरिकेतलं हे पहिलं स्टेडियम. त्याआधी हा संघ शेजारच्या, मुलांचा संघ खेळतो त्या मारिउची अरीनात खेळायचा. तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं बसतात, म्हणजे दोन हजार प्रेक्षक आले तरी सगळं ओकंबोकं. रिडरची क्षमता सुमारे 3,400. तेवढीच माणसं इथे आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

पण माझ्या लेखी खरा प्रश्न बर्फाच्या वेळेचा. बर्फ म्हणजे मोकळं मैदान नव्हे, की एका कोपऱ्यात ते आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुम्ही. काँक्रीटमधल्या नळ्यांतून गोठवणारा द्राव फिरत असतो आणि त्यावर जेमतेम इंच-सव्वा इंच बर्फ. स्केट्सनी त्यावर चरे पडले की झांबोनी गाडी येते, वरचा थर खरवडते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. तो गोठेस्तोवर सगळ्यांनी थांबायचं. अशी एकच रिंक दोन संघांत वाटली की कुणाच्या तरी वाट्याला अडनिडी वेळ येणारच. मी कॉलेजात खो-खो खेळायचे. मुलांचं क्रिकेट आटोपेपर्यंत आम्ही कुंपणाशी बसून असायचो, आणि मैदान मिळालं की अर्ध्या तासात अंधार. त्यामुळे 'स्वतःची जागा' म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

स्टेडियमला रॉबर्ट आणि कॅथलीन रिडर या दांपत्याचं नाव आहे. दोघांनी देणगी दिली, आणि कॅथलीनबाई तर विद्यापीठातल्या महिला खेळांसाठी वर्षानुवर्षं झगडल्या.

2012-13 च्या मोसमात हा संघ 41 पैकी 41 सामने जिंकला. राष्ट्रीय अंतिम सामनाही याच बर्फावर झाला, बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध 6-3. मला मात्र त्याआधीची नॉर्थ डकोटाविरुद्धची लढत जास्त आठवते. तीन जादा डाव चालली ती! पुढच्या रांगेतली एक चिमुरडी काचेला दोन्ही तळवे टेकवून उभी होती. पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, काचेवर आदळला की दचकायची आणि लगेच पुन्हा तळवे टेकवायची. घरी जायचं नावच घेत नव्हती.

विस्कॉन्सिन विद्यापीठानेही 2012 साली आपल्या मुलींसाठी लाबान अरीना बांधलं, तिथल्या मोठ्या स्टेडियमला, कोल सेंटरला, अगदी लागून.

हिवाळ्यात इकडे आलात तर एक सामना नक्की बघा. गोलामागची जागा घ्या, आणि आत गेल्यावर जाकीट काढू नका.