फ्लॅश मारू नका म्हणजे नक्की काय? : प्रवासातले वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या संपल्या की या सदराकडे पत्रं येतात ती व्हिसाची नाहीतर हरवलेल्या बॅगांची. यावेळी बघते तर अर्धी पत्रं थीम पार्कची, आणि त्यातली बरीचशी फोटोवरून झालेल्या कुरबुरींची. म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकला, बॅगावाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात फ्लोरिडाला मुलीकडे गेलो होतो, तिने डिस्ने वर्ल्ड दाखवलं. तिथे हाँटेड मॅन्शन म्हणून भुताच्या वाड्याची राइड आहे त्यात आमच्या मिस्टरांनी दोनतीन फोटो काढले फ्लॅश टाकून, तर मागच्या गाडीतून कोणीतरी इतक्या जोरात ओरडलं की आम्ही दचकलोच. फोटोला बंदी नाही फक्त फ्लॅश नको असं मुलगी म्हणते. पण अंधारात फोटो काढायचा तर उजेड नको का? आणि एवढं करून फोटो पण धड आले नाहीत, मधोमध नुसता पांढरा डाग. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तो पांढरा डागच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या राइडमध्ये एक मोठा नाचाचा हॉल येतो, आरपार दिसणारी भुतं जोडीजोडीने गिरक्या घेत असतात, आठवत असेल. ती भुतं तुमच्या समोर नसतातच मुळी. समोर असते भलीमोठी काच, आणि खरे पुतळे तुमच्या गाडीच्या वर आणि खाली दडवलेले असतात, त्यांच्यावर उजेड सोडला की त्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि ते आपल्याला हॉलमध्ये तरंगताना दिसतं. ही युक्ती डिस्नेची नाही, १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर दाखवली तेव्हापासून ती पेपर्स घोस्ट या नावानेच ओळखली जाते, मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरची होती पण नाव झालं पेपरसाहेबांचं, असो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधला वाडा १९६९चा, तुम्ही पाहिलात तो फ्लोरिडाचा १९७१चा.

आता ह्या सगळ्या खेळाची अट एकच, काचेच्या तुमच्याकडच्या बाजूला अंधार पाहिजे. मिस्टरांनी फ्लॅश टाकला की तो उजेड काचेवर आपटून सरळ परत येतो, तोच तुमचा पांढरा डाग. आणि त्या क्षणाला आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांतल्या लोकांना काच आहे हे कळतं, भिंत दिसते, समोरच्याचं टक्कल दिसतं, भुतं गायब. ओरडणारा माणूस असभ्य होताच, पण चिडला का ते समजून घ्या, कदाचित पोराबाळांना घेऊन तासभर रांगेत उभा राहून आत आला असेल आणि नेमका तोच सीन हुकला.

हे फक्त भुतांचंच आहे असं नाही. पीटर पॅनची जी राइड आहे, लंडनवरून उडत जाण्याची, ती काळ्या प्रकाशावर चालते, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिवे असतात आणि रंग असे वापरलेले असतात की ते त्या दिव्यांत चमकतात, बाकी सगळं काळोखात बुडून जातं. फ्लॅश टाकलात की ते लंडन म्हणजे रंगवलेला प्लायवूड आणि वरती पत्र्याचे पाइप. अंधार हा तिथे कमी पडलेल्या लाईटमुळे नसतो हो, तो मुद्दाम केलेला असतो आणि तिकिटाच्या पैशात तोही येतो. हाँटेड मॅन्शनमध्ये तर गाडीत बसता बसताच तो भुताचा आवाज सांगतो की फ्लॅश मारू नका, आम्हा आत्म्यांना झगझगीत उजेडाचा फार त्रास होतो. इंग्रजी आणि त्यात घोगरा आवाज, आपल्याला कळत नाही हे मान्य.

प्रश्न : मग पार्कवाले स्वतः का फ्लॅश मारतात? राइडवर उतार आला की खाडकन उजेड पडतो आणि बाहेर आलो की आपलाच तोंड वासलेला फोटो पैसे मागतो! – एक वाचक, नाशिक

उत्तर : हाहा, बरोबर पकडलंत. पण त्यांचा फ्लॅश एका ठरलेल्या जागी एका गाडीला एकदा उडतो, आणि ती जागा अशी निवडलेली असते की तिथे बघण्यासारखा सीन नसतो, मोठा उतार असतो नाहीतर राइड संपत आलेली असते. तुमचा फ्लॅश कुठे, कधी आणि किती वेळा उडेल हे कोणालाच माहीत नसतं, आणि एका गाडीत आठ जण असले तर आठ फ्लॅश. बाकी फोटो विकायचा धंदा आहे हे खरंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आवडला नाही तर घेऊ नका, कोणी कॉलर धरत नाही.

प्रश्न : स्टेजवर नाचणारे कलाकार तर एवढ्या मोठ्या लाईटमध्ये असतात, मग माझ्या मोबाईलच्या एवढ्याशा फ्लॅशने त्यांना काय होणार आहे? ग्रुपमध्ये यावरून वाद झाला, निकाल द्या. – कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : निकाल तुमच्या विरुद्ध. स्टेजचे लाईट कुठून येणार, कधी येणार हे कलाकाराने तालमीत शंभरदा पाहिलेलं असतं, ते बहुतेक वरून नाहीतर बाजूने येतात आणि त्याचं शरीर त्याला सरावलेलं असतं. फ्लॅश येतो समोरून, डोळ्यांच्या रेषेत, आणि न सांगता. त्यानंतर काही सेकंद डोळ्यांपुढे ठिपका नाचतो तो तुम्हीही अनुभवला असेल, लग्नात फोटोग्राफर समोर उभा राहिला की. आता तेवढ्याच सेकंदात कोणाला तरी दोरीवरून सुटून दुसऱ्याचा हात पकडायचा असेल किंवा अंधार झाल्यावर स्टेजवरच्या खालीवर होणाऱ्या फळीवरून पळत बाहेर जायचं असेल तर? कसरतीच्या शोमध्ये म्हणूनच सूचना इतकी कडक असते.

आणि गंमत म्हणजे तुमचा काही फायदाही होत नाही. मोबाईलचा एलईडी फार तर दोनतीन मीटरपर्यंत पोचतो, म्हणजे पुढच्या दोन रांगांतली डोकी पांढरीफटक उजळतात. स्टेज त्याच्या कितीतरी पुढे असतं आणि ते आधीच उजळलेलं असतं, फ्लॅश बंद ठेवलात तर फोटो जास्त चांगला येतो. आपल्याकडे नाटकाला घंटा व्हायच्या आधी मोबाईल बंद ठेवा म्हणून सांगतात आणि तरी दुसऱ्या अंकात कोणाचं तरी भजन वाजतंच, त्यामुळे आपण तिकडच्या लोकांना नावं ठेवू नयेत.

प्रश्न : डिस्नेच्या किल्ल्यासमोरच्या आतषबाजीला फ्लॅश चालतो का, तिथे तर उघड्यावरच असतं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल की नाही हे नंतर, तो पोचणार कुठे? आकाशात शेकडो फुटांवर फुटणाऱ्या बाणाला तुमच्या मोबाईलने उजेड द्यायची गरज नाही. शिवाय हल्ली किल्ल्याच्या भिंतीवर प्रोजेक्टरने चित्रं टाकतात, तीही उजेडाचीच असतात. फ्लॅश बंद, आणि टॅबलेट डोक्यावर धरून अख्खा शो रेकॉर्ड करू नका, मागे एखादं पाच वर्षांचं पोर उभं असतं.

प्रश्न : मी फ्लॅश बंद केला होता तरी शेजारच्या बाईंनी टोकलं की लाईट येतोय. फोन बिघडलाय का? आणि फ्लॅश नसेल तर अंधारात फोटो काढायचा कसा ते पण सांगा. – एक वाचक, सांगली

उत्तर : फोन ठीक असेल, पण त्यात उजेड पडायच्या वाटा बऱ्याच असतात, एकेक बघू. पहिलं म्हणजे फ्लॅश ऑटोवर असेल तर तो बंद नसतो, अंधार दिसला की तो आपणहून उडतो, त्यामुळे ते विजेचं चिन्ह दाबून त्यावर आडवी रेघ आली का हे रांगेतच बघून घ्या, आत गेल्यावर चाचपडू नका. दुसरं, व्हिडिओचा लाईट वेगळा असतो, फोटोचा बंद केला म्हणून तो बंद होईलच असं नाही. तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित, आपल्याकडे कित्येक जणांनी फोन आला की मागचा लाईट लुकलुकेल असं सेटिंग करून ठेवलेलं असतं, विशेषतः ज्येष्ठ मंडळींनी, मग राइडच्या ऐन मध्यात पुण्याहून वहिनींचा फोन येतो आणि अख्खा बोगदा चमकायला लागतो. फोन विमान मोडवर टाकलात की तेवढ्यापुरता तो प्रश्न मिटतो. वेगळा कॅमेरा असेल तर त्यात फोकसला मदत करणारा छोटा लाल-नारिंगी दिवा असतो, तो मेनूतून बंद होतो. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस! तुमच्या शेजारणीला बहुतेक तोच टोचला असणार, पूर्ण उजेडातली सहा इंची स्क्रीन अंधारात फ्लॅशपेक्षा जास्त वैताग देते कारण ती विझतच नाही. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ पण हात उचलला की पेटतं, त्याला थिएटर मोड (हात उचलला तरी स्क्रीन पेटू न देणारा) असला तर तो लावा.

आता फोटोचं. नाइट मोड आहे म्हणून खूश होऊ नका, तो दोनतीन सेकंद उजेड गोळा करत बसतो आणि तेवढ्यात तुमची गाडी पुढे गेलेली असते, सगळं फरफटलेलं येतं. चालत्या राइडमध्ये नाइट मोड बंद करा, सीनमध्ये जो भाग सगळ्यात उजळ आहे त्यावर बोट टेकवा आणि बोट खाली सरकवून एक्स्पोजर थोडं कमी करा, अंधार अंधारच राहू दे म्हणजे फोटोत मजा येते. गाडी थांबते किंवा हळू होते तिथे पटापट चारपाच काढा, एखादा बरा येतो. नाहीतर सरळ छोटा व्हिडिओ घ्या. आणि जोरात पळणाऱ्या कोस्टरवर फोन बाहेरच काढू नका, तिथे प्रश्न फ्लॅशचा नाहीच, हातातून सुटलेला फोन मागच्याच्या कपाळावर बसतो. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल थीम पार्कमध्ये काही कोस्टरना तर मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं, फोन, नाणी सगळं लॉकरमध्ये.

प्रश्न : माझ्या मुलीला फिट्स येतात. इतरांच्या फ्लॅशमुळे तिला काही होईल का? थीम पार्कला न्यावं की नाही समजत नाही. – एक आई, पनवेल

उत्तर : नेण्या-न नेण्याचं तिच्या डॉक्टरांनाच विचारा, ते मी सांगू शकत नाही. माहिती म्हणून एवढं सांगते की फिट्स येणाऱ्या सगळ्यांनाच उजेडाचा त्रास नसतो, साधारण शंभरात तिघांना असतो, तुमची मुलगी त्यात आहे का हे डॉक्टर तपासणी करून बघू शकतात. धोका मुख्यतः सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडाचा असतो, एकट्यादुकट्या फ्लॅशचा तितका नाही. म्हणून लोकांच्या मोबाईलपेक्षा राइडमधल्याच स्ट्रोब लाईटची, म्हणजे भराभर लुकलुकणाऱ्या दिव्यांची, चौकशी आधी करा, बाहेर पाटी असते, नसली तर स्टाफला विचारा, खोपोलीला जा नाहीतर सिंगापूरला, विचारायला लाजू नका. आणि आत असताना अचानक लुकलुकायला लागलं तर डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून उजेड आत जातोच, त्यापेक्षा एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं, हे मुलीला आधीच शिकवून ठेवा.

प्रश्न : सिंगापूरच्या नाइट सफारीत ट्रॅममध्ये आमच्याच टूरचे एक काका सारखे फ्लॅश मारत होते, वाघ दिसत नव्हता म्हणून. गाइड माईकवर सांगून थकली. मोठ्या माणसाला बोलायचं कसं? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी प्राण्यांचं सांगते. नाइट सफारी १९९४ सालापासून सुरू आहे, निशाचर प्राण्यांसाठी मुद्दाम काढलेलं जगातलं पहिलं प्राणिसंग्रहालय, आणि तिथे चांदण्यासारखा मंद उजेड ठेवलेला असतो. ह्या प्राण्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा थर असतो, मांजराचे डोळे रात्री चमकतात ते त्याच्यामुळेच, त्यामुळे आपल्याला जेवढा फ्लॅश झोंबतो त्याहून त्यांना तो जास्त झोंबतो. शिवाय काकांचं स्वतःचंही नुकसान आहे, माणसाचे डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीसतीस मिनिटं लागतात आणि एका फ्लॅशने ती कमाई बरीचशी जाते. म्हणजे काका वाघ दिसावा म्हणून फ्लॅश मारतायत आणि फ्लॅश मारल्यामुळे त्यांना वाघ दिसत नाही, त्यांच्याबरोबर ट्रॅममधल्या सगळ्यांनाच.

बोलायचं कसं, तर नियम सांगायला जाऊ नका. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत नियम सांगितला की तो पुढचा फोटो मुद्दाम फ्लॅश टाकून काढतो. माझा अनुभव असा की दहातल्या आठ काकांना फ्लॅश बंद कसा करायचा हेच माहीत नसतं, मुलाने फोन सेट करून दिलेला असतो आणि तो तसाच चाललेला असतो. त्यामुळे हळूच म्हणायचं, काका, द्या फोन, मी फ्लॅश बंद करून देते, बिनफ्लॅशचा जास्त छान येतो. नव्वद टक्के वेळा फोन हातात मिळतो. उरलेल्यांसाठी टूर मॅनेजर असतो, त्याच्या कानावर घाला, त्याचं ते कामच आहे. अनोळखी परदेशी माणूस असेल तर स्टाफला सांगा आणि गप्प बसा, अंधारात चालत्या गाडीत भांडण कशाला.

आणि हो, ह्याच वाचकांनी ता. क. म्हणून सेल्फी स्टिकचं विचारलंय. डिस्नेच्या पार्कांमध्ये २०१५पासून बंद आहे, गेटवरच बॅग तपासतात, हॉटेलवर ठेवून जा.