दाढेला ‘भूल’ देतात की दाढ ‘बधिर’ करतात?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘अक्कलदाढ काढताना डॉक्टर म्हणाले, भूल देतो. मी तर टक्क जागा होतो, त्यांचं फोनवरचं बोलणंही ऐकत होतो. मग ही भूल कसली? फॉर्मवर “स्थानिक भूल” असं छापलं होतं, ते बरोबर आहे का?’

चूक म्हणता येणार नाही, शब्द रुळलाय. पण माझं मत ‘बधिर करणे’च्या बाजूनं, आणि त्याला कारण माझी आत्या.

आत्या तासगावकडची. सांगलीत विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात तिची दाढ काढायची ठरली. आदल्या दिवशी फोनवर निरोप आला, ‘उद्या भूल देऊन काढू.’ आत्याचं पूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा भूल म्हणजे रात्रीपासून पाणीसुद्धा नाही. ती तशीच उपाशी आली, वर सकाळची शुगरची गोळी घेऊन. खुर्चीत बसेपर्यंत तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखरपाणी दिलं, दाढ राहिली बाजूला. डॉक्टर म्हणाले, ‘मावशी, नाश्ता करून यायचं असतं.’ आत्या म्हणाली, ‘तुम्हीच भूल म्हणालासा की!’

आत्याचं भाषाज्ञान पक्कं होतं. भुलणे, भुलवणे, भूलथापा, रानभूल: या कुळात माणसाचं भानच जातं. रानात भूल पडते तेव्हा पाय चालत असतात, दिशेचं भान नसतं. क्लोरोफॉर्मसाठी मराठीनं हाच शब्द उचलला, तो फार नेमका. पण दाढेच्या इंजेक्शननं भान कुठं जातं? जाते ती फक्त एका जागेची जाणीव. (हळदीच्या पेठेत बिलाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहितात, त्यातली भूल म्हणजे नजरचूक. दाताच्या डॉक्टरांनी ते बिलावर छापू नये.)

‘बधिर’ची गोष्ट वेगळी. संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा, एवढंच. आपला ‘बहिरा’ त्याच शब्दापासून प्राकृतातून घासून आला. एकाच मुळाचे दोन शब्द हाताशी आल्यावर मराठीनं वाटणी केली: कान गेला तर बहिरा, कातडीची जाणीव गेली तर बधिर. हिंदीत ही वाटणी झाली नाही, तिथं बधिर अजून कानापाशीच आहे. आपल्याकडे मात्र कानाबद्दलच बोलायचं तर हल्ली ‘कर्णबधिर’ म्हणून कान वेगळा सांगावा लागतो. ‘सुन्न’ हा शून्याचा नातू. तोही चालेल, पण त्याला मनाचा वास लागलाय. वाईट बातमीनं माणूस सुन्न होतो, सुईनं हिरडी बधिर होते.

आता औषधांची नावं, कारण तिथंही शब्दांचीच गंमत आहे. जागा बधिर करणाऱ्या औषधांच्या नावांमागची ‘केन’ ही शेपटी कोकेनची. 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेननं डोळा बधिर करून दाखवला, तिथून हे घराणं सुरू झालं. लिग्नोकेन 1943 च्या सुमारास स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी बनवलं. लॅटिनमध्ये लिग्नम म्हणजे लाकूड आणि त्याच औषधाच्या ‘झायलोकेन’ या नावातलं ग्रीक झायलॉन म्हणजेही लाकूड. नावाचं कारण रासायनिक आहे, ते झायलिडिन नावाच्या रसायनापासून बनतं म्हणून. पण इंजेक्शननंतर आमच्याकडची माणसं काय म्हणतात? ‘गाल निस्ता लाकूड झालाय.’

आपल्याकडे दाढेसाठी बहुतेक ठिकाणी हेच: 2 टक्के लिग्नोकेन, सोबत 80,000 भागांत 1 भाग अ‍ॅड्रेनलिन. अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे औषध जागेवर टिकतं आणि रक्तही कमी येतं. दात तासभर बधिर राहतो, ओठ-गाल तीन ते पाच तास. याच घराण्यातलं दुसरं औषध आर्टिकेन, ते 4 टक्क्यांचं. ते हाडातून जास्त चांगलं झिरपतं, म्हणून खालच्या दाढेशेजारी नुसतं हिरडीत टोचलं तरी लिग्नोकेनपेक्षा बरं लागू पडतं. मागं जबड्याच्या आतल्या बाजूला नसच गाठून टोचायचं असेल तर मात्र दोघांत फार फरक उरत नाही. तिसरं बुपिव्हाकेन, ते सावकाश चढतं आणि आठ-आठ तासही रेंगाळतं. हाड कोरून काढलेल्या अक्कलदाढेला ते सोयीचं, पण लहान मुलांना नको. जाणीव नसलेला ओठ ती चावून चावून रक्तबंबाळ करतात. आणि पू झालेल्या दाढेला यातलं कुठलंही कमीच लागू पडतं. तिथं आम्लता वाढलेली असते, औषध नसेच्या आत शिरत नाही. रुग्ण म्हणतो, ‘भूल चढलीच नाही.’ इथंही तीच भूल!

‘स्थानिक भूल’ मला खटकतं ते ‘स्थानिक’मुळे. स्थानिक म्हटलं की नगरसेवक आठवतो. भूल ठेवायचीच असेल तर ‘जागेपुरती भूल’ म्हणा. सगळ्यात सरळ वाक्य आत्याच्या दाढेच्या दुसऱ्या खेपेला कानावर पडलं: ‘मावशी, ही बाजू बधिर करतोय. जड वाटायला लागलं की सांगा.’ आत्या पोहे खाऊन आली होती.

आणि लिहिताना धि ऱ्हस्व. शब्द तत्सम आहे, ‘बधीर’ नको.