इस्ट्रोजेन सुरू होऊनही आवाज तसाच आहे. घरी सराव करून बदलता येतो का?

तू लिहिलंयस की वय १९, ट्रान्स मुलगी, गोळ्या सुरू होऊन काही महिने झाले तरी आवाज जुनाच, आणि व्हिडिओ बघून बारीक आवाज काढला की संध्याकाळपर्यंत घसा बसतो. मी नागपुरातच स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

औषध लागू पडत नाहीये असं समजू नकोस. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, ते इस्ट्रोजेनने पुन्हा बारीक होत नाहीत. ट्रान्स मुलांचा आवाज मात्र टेस्टोस्टेरॉनने खाली येतो. तुला सरावच करावा लागेल.

आता घसा का बसतो ते. सगळेच आधी पट्टीच्या, म्हणजे आवाज किती उंच लागतो याच्या मागे लागतात. पुरुषांचं बोलणं साधारण १०० ते १३० हर्ट्झमध्ये, बायकांचं १८० ते २२० मध्ये. ट्यूनर ॲपवर २०० दिसलं की जमलं असं वाटतं. पण घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत आवाज कसा घुमतो, हेही ऐकणारा नकळत टिपत असतो. कंठमण्यावर बोट ठेवून थुंकी गिळ. वर सरकला ना? आता कुजबुजत 'ऊ' म्हण, मग 'ई'. 'ई' दातांपाशी, पातळ ऐकू येते. ती जागा ओळख आणि छोटी वाक्यं तिथून बोल, घशावर जोर न देता.

त्याआधी अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढ, सूर वर नेत, खाली आणत. घरात कुणाला सांगितलं नसेल तर हा सराव बरा, कुणी काही विचारत नाही. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं पुरे. दुखलं की थांबायचं.

आपल्याकडे घरात मराठी आणि बर्डीच्या बाजारात हिंदी, म्हणून 'मी येते' आणि 'मैं आ रही हूँ' दोन्ही घोटून घे. एका भाषेत आवाज बसतो आणि दुसरीत जुन्या सवयीने खाली घसरतो, हे मी फार बघते. मग एखाद्या दुकानात फोन लावून भाव विचार. सुरुवातीला 'भैया' ऐकू येईल आणि ते मनाला लागेल. याला महिने लागतात गं. आणि आवाज आहे तसाच ठेवावासा वाटला, तरी तू मुलगीच आहेस.

घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात दाखव. थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघ, ट्रान्स व्यक्तींसोबत काम केलंय का ते सरळ विचार. एखादा डॉक्टर 'तुला नॉर्मल करतो' म्हणाला तर तिथून उठून ये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच असल्या 'उपचारांना' व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

सध्या आठवडाभर तो बारीक आवाज पूर्ण बंद ठेव, पाणी भरपूर पी, आणि घसा मोकळा झाला की स्ट्रॉपासून सुरुवात कर.