चाक फिरताना दिसायला हवं

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेले बाईक-शर्यतीचे फोटो दोनदा पाहिले. फोकस नेमका आहे, उजेड चांगला पकडलायस, तरी बहुतेक फोटोंत बाईक वळणावर आणून उभी केल्यासारखी वाटते. याचं कारण एकच: सगळे फोटो १/२००० सेकंद शटर स्पीडला, म्हणजे शटर तेवढाच वेळ उघडं ठेवून, काढलेले आहेत.

जरा हिशेब कर. रेसबाईकच्या १७ इंची रिमवर टायर चढला की चाकाचा घेर साधारण १.९ मीटर भरतो. ताशी २०० किलोमीटरच्या वेगात ते चाक सेकंदाला २९ वेळा फिरतं. म्हणजे १/२००० सेकंदात जेमतेम ५ अंश. रिमचे आरे मोजता येतात. १/२५० ला तेच चाक ४२ अंश फिरतं आणि आरे विरघळून जातात. पण हेअरपिनमध्ये, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणात, वेग ताशी ८० वर आला, तर १/२५० ला चाक १७ अंशच फिरेल. तेवढाच परिणाम हवा असेल तर १/१०० पर्यंत खाली यावं लागतं. त्यामुळे सगळ्या ट्रॅकला एकच शटर स्पीड लावून चालत नाही. जागा बदलली की आधी तिथला वेग बघायचा, मग डायल फिरवायची. बाईक थेट समोरून येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चाकाचं फिरणं दिसतच नाही, म्हणून १/१००० च्या वर खुशाल जा. त्या फोटोचा जीव बाईकच्या झुकण्यात आणि रायडरच्या नजरेत असतो.

पॅनिंगमध्ये, म्हणजे बाईकबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना, पायांपासून सुरुवात कर. जिथे बटण दाबायचं आहे त्या दिशेला पाय रोवायचे आणि कमरेतून मागे वळून येणाऱ्या बाईकला पकडायचं. उलट केलंस, म्हणजे पाय बाईक येते त्या दिशेला ठेवलेस, तर नेमक्या क्षणी कंबर पिळलेली असते आणि हात अडखळतो. तीस-चाळीस मीटर आधीपासून तिच्याबरोबर फिरायला लाग, चार-पाच फ्रेम घे आणि बटण सोडल्यावरही फिरत राहा. दाबताक्षणी थबकणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे. चूक कुठली ते फोटोच सांगतो. मागच्या दृश्याच्या रेघा आडव्या आणि सरळ आहेत, पण बाईक दुहेरी दिसते, तर हाताचा वेग तिच्याशी जुळला नाही. रेघा नागमोडी आल्या तर कॅमेरा वर-खाली हलला. मोनोपॉड (एकपायी स्टँड) घे, किंवा लेन्सचा स्टॅबिलायझर फक्त वर-खाली हलणं सावरेल अशा मोडवर ठेव.

तिसरा प्रकार तुझ्या फोटोंत बऱ्याच वेळा आहे: पुढचा भाग धारदार आणि शेपटी पुसट. यात हाताचा दोष नाही, जागेचा आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहिलं की बाईक तुझ्या समोर येतायेताच स्वतःभोवती वळत असते, तिचा कोन क्षणाक्षणाला बदलतो. आतल्या बाजूला, वळणाच्या मध्याजवळ, ती जणू तुझ्याभोवतीच गोल फिरते. अंतर फारसं बदलत नाही, कोन बदलत नाही, म्हणून कमी शटर स्पीडलाही अख्खी बाईक धारदार येते. शिवाय बाहेरून तुला झुकलेल्या बाईकचं पोट दिसतं आणि रायडर पलीकडे लपतो. आतून हेल्मेट, खांदा, रस्त्याला घासणारा नी-स्लायडर (गुडघ्यावरची घासपट्टी), सगळं तुझ्याकडे असतं. वळणाच्या तोंडाशी रायडरची मान आधीच पुढच्या बाजूला वळलेली असते. तो जिकडे बघतोय तिकडे फ्रेममध्ये जागा सोड.

फोकसचा बिंदू हेल्मेटवर, व्हायझरच्या पट्टीवर ठेव. नंबरप्लेट मोठी आणि ठळक असते, त्यामुळे ऑटोफोकस तिकडे धावतो आणि लांब लेन्सवर उघड्या अॅपर्चरला (लेन्सचं छिद्र मोठं असताना) चेहरा मऊ पडतो. एक्स्पोजर मॅन्युअल ठेव, कारण पांढऱ्या फेअरिंगच्या (बाईकच्या बाहेरच्या आवरणाच्या) मागून काळ्या चामड्याच्या सूटमधला रायडर आला की उजेड मोजणारा मीटर फसतो. भर उन्हात १/१२५ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला अॅपर्चर एफ/१६ च्या आसपास जातं. मग सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आकाशात ठिपका होऊन बसतो. त्यावर पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) हा चांगला तोडगा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि पारदर्शक व्हायझरवरची चकाकी कापून कधी कधी आतले डोळेही दाखवतो. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र जपून वापर. सेन्सर हळू वाचणारा असेल तर चाकं लंबगोल होतात आणि मागचे खांब तिरपे पडतात. आणि कॅमेरा वाकडा धरून बाईक जास्त झुकलेली दाखवू नकोस. आजचे अव्वल रायडर ६० अंशांच्याही पुढे झुकतात. त्यात आपली भर घालणं म्हणजे त्यांच्या कौशल्यावर अविश्वास दाखवणं.

दुपारी तापलेल्या डांबरावरून दूरचा फोटो घेतलास तर हवेच्या लाटा कडा खाऊन टाकतात. त्यावर नंतर काहीही इलाज नाही. लांबचे फोटो सकाळच्या सरावात उरकून घे, दुपारी जवळ जा. जाळीतून काढायचं असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकव, अॅपर्चर उघड आणि जाळीवर थेट ऊन नसलेला तुकडा शोध. उन्हातली तार फोटोवर पांढरा पडदा धरते.

आता उभं राहण्याबद्दल, आणि यात तडजोड नको. घसरलेली बाईक वळण घेत नाही, ती सुटली त्या सरळ रेषेत जाते. ती रेषा मनात ओढून बघ आणि तिच्यावर उभा राहू नकोस. ट्रॅककडे पाठ नको, कानात गाणी नकोत, मागे सरकायची वाट मोकळी हवी. पिवळा झेंडा, म्हणजे धोक्याची खूण, दिसला की डोळा व्ह्यूफाइंडरमधून काढून आजूबाजूला बघ. मार्शल सांगेल ते लगेच ऐकायचं, विचारायचं नंतर.

बंद ट्रॅकवर एका शर्यतीत तुला वीसेक संधी मिळतात. आइल ऑफ मॅन टीटीला, म्हणजे त्या बेटावरच्या रस्त्यांवर होणाऱ्या बाईक-शर्यतीला, कधी गेलास तर हे गणित पार बदलतं. तिथला माउंटन कोर्स सुमारे ६०.७ किलोमीटरचा, १९११ पासून शर्यतीसाठी वापरला जाणारा, गावांतून आणि डोंगरावरून जाणारा खरा रस्ता आहे. रायडर दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात, आघाडीच्या रायडरची फेरी १७ मिनिटांच्या आसपास होते आणि सहा फेऱ्यांच्या शर्यतीत प्रत्येक जण तुझ्यासमोरून फक्त सहादा जातो. रस्ते बंद झाले की ओलांडून पलीकडे जाता येत नाही, म्हणून जागा आदल्या दिवशीच पक्की कर. बलाफ ब्रिजवर दोन्ही चाकं हवेत जातात. तिथे १/५०० च्या आसपास ठेवलंस तर चाक फिरतंही आणि रायडरच्या गुडघ्यांनी टाकी कशी आवळली आहे तेही दिसतं. प्रयोग सरावात कर, शर्यतीत नको.

पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम बाईक तयार करतात त्या जागेत, ३५ किंवा ५० मिमी लेन्स पुरे. आधी मेकॅनिकला विचार. उघड्या बाईकचे भाग आणि लॅपटॉपचे पडदे टिपू नकोस, ती त्या टीमची गुपितं आहेत. शर्यतीआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत रायडरशी बोलू नकोस, फ्लॅश तर नकोच. बाजूला थांब. हातमोजे घालण्याचा क्रम, हेल्मेटची पट्टी ओढताना वर गेलेली हनुवटी, खाली बघणारे डोळे, हे आपोआप मिळतं. शर्यत संपल्यावर हेल्मेट काढल्यानंतरची पहिली दहा सेकंदं चुकवू नकोस; गालांवर पॅडचे वळ असतात आणि चेहरा अजून कुणासाठी सावरलेला नसतो.

अपघाताचा फोटो काढलास तरी तो कुठेही टाकायची घाई नको. रायडर कसा आहे हे कळेपर्यंत आणि घरच्यांपर्यंत बातमी पोहोचेपर्यंत तो कार्डातच राहू दे.

नावं लिहिताना दिवसाच्या अधिकृत यादीशी ताडून बघ. वेगवेगळ्या वर्गांत एकच नंबर दोघांकडे असू शकतो, आणि तू पाठवलेल्यांपैकी एका फोटोखाली नेमका हाच घोळ झालाय.

पुढच्या वेळी अख्ख्या ट्रॅकचे फोटो नकोत. एकच वळण निवड. पहिल्या पाच फेऱ्या कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघ: ब्रेक कुठे लागतो, मागचं चाक कुठे उचलतं, मान कधी वळते. मग १/२५०, १/१६० आणि १/१०० ला प्रत्येकी तीस फ्रेम काढ. फसलेल्यांसकट सगळ्या पाठव.

तुझा,
काका