वाचकांचे प्रश्न : सेवा करायला पदवी कशाला?

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचे म्हणते. घरात सगळ्यांचा विरोध आहे. तिचे आजोबा गावच्या ग्रंथालयासाठी आणि देवस्थानच्या अन्नछत्रासाठी आयुष्यभर झटले. ते म्हणतात, लोकांची सेवा करायला मन लागते, पदवी कशाला? हे समाजकार्यवाले नेमके काय करतात, हे मला स्वतःलाही सांगता येत नाही. शिक्षण कुठे मिळते, नोकरी लागते का आणि तिच्यावर पोट भरते का, हे सविस्तर सांगावे. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आजोबांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही, कारण मन नसेल तर हे काम वर्षभरही नीट होत नाही. अन्नछत्रात आलेल्याला पान वाढताना त्याची चौकशी करायची नसते आणि तेच योग्य आहे. समाजकार्यात मात्र हा माणूस इथवर का येऊन पोहोचला याची चौकशी करणे, ती लिहून ठेवणे आणि त्याच्या संमतीने त्यातून वाट काढणे, हेच मुळी काम असते. अशी चौकशी करणे शिकावे लागते. ती न शिकता केली तर समोरच्या माणसाचे नुकसानही होऊ शकते.

एका सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून बरीच वर्षे काम केले. एकदा क्षयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागातून एका विशीतल्या विवाहितेचा कागद माझ्या टेबलावर आला. त्यावर डॉक्टरांचा शेरा होता, ‘औषधे नियमित घेत नाही, समजावून सांगावे.’ गोळ्या रोज घ्यायच्या होत्या आणि दोन महिने उलटूनही थुंकीत जंतू दिसतच होते. समजावून तिला आधीच तीनदा सांगून झाले होते आणि तिन्ही वेळा तिने मान डोलावली होती. म्हणून मी औषधाचा विषय बाजूला ठेवला आणि तिचा दिवस विचारला : किती वाजता उठता, घरात कोण कोण असते, स्वयंपाक कोण करते, पाणी कुठून भरता. पाण्यापाशी उत्तर सापडले. लग्नाला सहा महिने झाले होते, आजार सासरी कोणालाच ठाऊक नव्हता आणि गोळ्या तूरडाळीच्या डब्यात तळाशी दडवलेल्या होत्या. नळावरच्या रांगेत भांडणे होतात म्हणून सासूबाई पाण्याला स्वतः जात आणि तेवढाच वेळ घर रिकामे असे. वस्तीत पाणी एक दिवसाआड येत होते, आणि गोळ्याही एक दिवसाआडच पोटात जात होत्या.

पुढचे काम अधिक अवघड होते. घरातल्या इतरांची तपासणी होणे आवश्यक होते, त्यामुळे ही गोष्ट कायमची झाकून ठेवता येत नव्हती. सासूबाईंना बोलावून सगळे सांगून टाकणे सोपे होते, परंतु तसे केले असते तर बहुधा तिची माहेरी रवानगी झाली असती आणि उपचार अर्ध्यावर तुटले असते. तीन भेटींनंतर तिनेच ठरवले की आधी नवऱ्याला सांगायचे, आणि तेही डॉक्टरांच्या समोर. त्याने ते ऐकून घेतले आणि आईला त्यानेच सांगितले. घरच्यांच्या तपासण्या झाल्या, तिच्या गोळ्या डब्यातून फडताळावर आल्या. क्षयरुग्णांना आहारासाठी जे सरकारी पैसे मिळतात ते तिला मिळत नव्हते, कारण बँकेतले खाते माहेरच्या नावाचे होते. तेही आम्ही दुरुस्त करून घेतले. या साऱ्या प्रकरणात मी तिला उपदेश केला नाही की पदरचे पैसेही दिले नाहीत. कोणता प्रश्न विचारायचा, कुठे थांबायचे, कोणाला काय सांगायचे नाही आणि कोणत्या योजनेसाठी कोणता कागद लागतो, एवढेच माझ्यापाशी होते. आजोबांना हा प्रसंग जरूर वाचून दाखवावा.

रुग्णालय हे या व्यवसायाचे एक क्षेत्र झाले. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला पाहून रुग्णाला त्या खाटेपर्यंत पोहोचवण्याचे काम तिथल्या वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याकडे असते. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळ पाहते. त्याच्यापुढे आलेल्या मुलाच्या घरची परिस्थिती, शाळा आणि सोबत यांची माहिती काढून परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवाल लिहितो, आणि त्या मुलाचे पुढे काय करायचे हे मंडळ ठरवते तेव्हा तो अहवाल समोर असतो. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, त्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसून छळ झालेल्या स्त्रियांचे म्हणणे ऐकू लागल्या. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही १९९६ साली मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्याच एका प्रकल्पातून सुरू झाला. याखेरीज तुरुंग, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्रे, पुनर्वसन वसाहती, अवयवदान समन्वय आणि कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग आहेतच. ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमाने घातले होते आणि त्या जागांवर आपल्याकडचे अनेक एम.एस.डब्ल्यू. झालेले लोक लागले.

शिक्षणाविषयी. भारतात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण आपल्याच राज्यात सुरू झाले, १९३६ साली, मुंबईच्या नागपाड्यात. तेव्हाची सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य शाळा म्हणजेच आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे एक संकुल तुळजापूरलाही आहे आणि ग्रामीण भागात काम करू इच्छिणाऱ्यांनी त्याचा अवश्य विचार करावा. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आणि नागपूरला मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था या जुन्या आणि नावाजलेल्या संस्था आहेत. एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचे असते आणि त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पहिली पदवी) झालेले असलेच पाहिजे असे नाही, तेव्हा आपल्या मुलीचे काहीही वाया गेलेले नाही. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत यांच्या पद्धती संस्थेगणिक वेगळ्या असतात आणि बदलतही राहतात, म्हणून चालू वर्षाचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नये, क्षेत्रकार्य पाहावे. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी रुग्णालयात, वस्तीत, न्यायालयात किंवा एखाद्या संस्थेत काम करतो, त्याचा अहवाल लिहितो आणि मार्गदर्शक शिक्षक तो अहवाल समोर घेऊन त्याच्याशी एकट्याने बोलतात. व्यक्तिसहाय्य (एकेका माणसाबरोबरचे काम), गटकार्य आणि समुदाय संघटन या तीन पद्धती पुस्तकात वाचून होतात, पण अंगी बाणतात त्या या बैठकीतच. म्हणून मुलीने तिथे जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना दोनच गोष्टी विचाराव्यात : गेल्या सत्रात क्षेत्रकार्यासाठी कुठे गेला होतात, आणि तुमचा अहवाल कोणी वाचला? क्षेत्रकार्याच्या वह्या परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांच्या पाहून लिहिणारे वर्गही मी पाहिले आहेत आणि अशी पदवी घेऊन आलेल्या मुलांना पहिल्या नोकरीत फार त्रास होतो.

पोटाचा प्रश्न आपण विचारलात हे बरे केलेत, कारण सहसा तो संकोचाने विचारला जात नाही. शासनाच्या आणि महापालिकांच्या कायम पदांना वेतनश्रेणी चांगली असते, पण जागा थोड्या आणि जाहिराती क्वचित निघतात. बहुतेकांची सुरुवात एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या प्रकल्पात, नाहीतर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होते आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. ही बाजू घरात उघडपणे बोलावी. मानसोपचाराकडे कल असेल तर एम.एस.डब्ल्यू. पुरत नाही, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार त्यापुढे मानसोपचार समाजकार्याचे दोन वर्षांचे पूर्णवेळ उच्चशिक्षण लागते. हा रस्ता लांबचा आहे, परंतु प्रशिक्षित माणसांची उणीव या क्षेत्रात मोठी आहे. आपल्याकडे ‘समाजसेवक’ हा शब्द कोणीही फलकावर लिहू शकतो. त्यामुळे वकील किंवा परिचारिका यांना नोंदणीने जी ओळख मिळते ती आम्हाला वर्षानुवर्षे मिळाली नाही. आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी २०२१ साली झालेल्या कायद्याच्या यादीत वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, याचा मला फार आनंद आहे.

प्रश्न : माझे वय ३८, शिक्षण बारावी. वीटभट्टीवरच्या मुलांना शाळेत दाखल करण्याचे काम मी १० वर्षे करतो. बाल न्याय मंडळावर समाजकार्यकर्ते सदस्य असतात असे ऐकले. पदवीशिवाय मला अर्ज करता येईल का? (एक वाचक, जालना जिल्हा)

उत्तर : २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्या दोघांत किमान एक स्त्री असावी लागते. मुलांचे आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण यांसाठी किमान ७ वर्षे सक्रिय काम केलेली व्यक्ती त्यासाठी पात्र धरली जाते, तेव्हा कायद्याने आपल्यासारख्यांसाठी दार उघडे ठेवले आहे. निराधार आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बालकल्याण समितीसाठी मात्र २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठराविक विषयांतील पदवीची अट आली आहे. जाहिरात निघाली की तीतील अटी शब्दशः वाचाव्यात.

खरी अडचण पुराव्याची येते. १० वर्षांत किती मुले दाखल केलीत, त्यांतली किती टिकली आणि किती पालकांबरोबर दुसऱ्या भट्टीवर गेली, हे आपल्याला तोंडपाठ असेल, पण निवड समितीपुढे कागद लागतो. प्रत्येक मुलासाठी एक पान करा : दाखल केल्याची तारीख, शाळा, वर्ग, स्थलांतराचा महिना, परत आल्याची तारीख. मुख्याध्यापकांकडे जुनी जनरल रजिस्टरे असतात, त्यांतून मागच्या नोंदी जुळवता येतील. त्याचबरोबर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घालावे, बारावीनंतर तो प्रवेश मिळतो. भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, अभ्यासाला आपल्याला तेवढे महिने मिळतील.