संकासुराने केली ती करणी की चेटूक?

गोव्यातल्या पेडण्याहून प्रश्न आला आहे. जत्रेला एक विनोदी रहस्यनाटक बसतंय, काळ १८७०च्या आसपासचा. दशावतारी कंपनीतल्या राजाची वाचा ऐन रंगात बसते आणि संशय जातो संकासुराचं, म्हणजे वेद पळवणाऱ्या राक्षसाचं, काम करणाऱ्या नटावर. लेखक पुण्याचे, त्यामुळे संहितेत जागोजागी 'चेटूक' आहे, एके ठिकाणी 'भानामती'सुद्धा. आपल्याकडचे लोक असं बोलले असते का, असं दिग्दर्शक विचारतात.

भानामती आधी काढा. घरावर दगड पडणं, वाळत घातलेले कपडे पेटणं हा तिचा कारभार मराठवाडा-विदर्भाकडचा. 'जादूटोणा'ही नको, महाराष्ट्रातल्या २०१३च्या कायद्यानंतर त्याला वर्तमानपत्राचा वास लागलाय.

चेटूक चूक नाही, पण पुस्तकी वाटतं. शब्द मात्र मजेदार. संस्कृतात चेट म्हणजे चाकर, चेटी म्हणजे दासी, आणि ही संस्कृत नाटकातली ठरलेली पात्रं. 'मृच्छकटिका'त शकाराची गाडी हाकणारा स्थावरक हा चेटच. आपल्या कोकणीतले चेडो आणि चेडूं मला याच घरातले वाटतात. भुताला चाकरीला लावायचं ते चेटूक, असा माझा कयास. तो खरा असेल तर नट आणि चेटूक यांचं नातं तुमच्या नाटकापेक्षा जुनं आहे. अडचण एवढीच की चेटकी, चेटकीण हे शब्द बाईला चिकटलेले, आणि 'चेटक्या' म्हटलं तर बालनाट्य होतं. अर्थात दशावतारात बायांची कामंही पुरुषच करतात, तेव्हा संशय संकासुरावरून राणीवर वळवलात तर 'चेटकीण' म्हणायची आयती सोय होईल.

गावच्या तोंडी शोभेल ती करणी. 'करणे'पासून सरळ आलेला शब्द: काय केलं ते सांगत नाही, कोणी केलं तेही नाही. रहस्यनाटकाला आणखी काय हवं? खरं तर आपल्याकडची जुनी माणसं तेवढंही बोलत नाहीत. आवाज खाली आणून 'ताका कोणें तरी कितें तरी केलां' म्हणतात आणि विषय बदलतात. हे वाक्य पहिल्या अंकात एखाद्या म्हातारीला द्याच. अथर्ववेदातली 'कृत्या', म्हणजे शत्रूवर केलेली करणी, हीसुद्धा 'कृ' धातूचीच, आणि चेटकासाठीचा पोर्तुगीज शब्द 'फेइतिसु'ही मुळात 'केलेलं, घडवलेलं' याच अर्थाचा. म्हणजे तपासाला आलेल्या साहेबाला दुभाष्याने 'करणी' समजावून सांगताना फारसं अडायला नको. गोंधळ हवा असेल तर तो दुसरीकडे शोधा.

साहेबावरून आठवलं. तुमच्या तिसऱ्या प्रवेशात इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अधिकारी येतो. गोव्यातलं इन्क्विझिशन १८१२ सालीच कायमचं बंद झालं. त्याच्या जागी रेजेदोर, म्हणजे पोर्तुगीज अमलातला गावचा अधिकारी, आणा, विनोदालाही तोच बरा.

'मूठ मारली' चालेल, पण मग कोणीतरी मंतरलेले उडीद फेकलेले दाखवावे लागतील. राजाचा आवाज गेलाय, तेव्हा 'वाचा बांधली' हे जास्त नेमकं.

आणि एक. नटाला शिवी म्हणून 'घाडी' वापरलंय, ते बदला. घाडी हा देवाच्या मानकऱ्यांपैकी, देवासमोर गाराणं घालणारा. जत्रेत तो पहिल्या रांगेत बसलेला असेल.