भाडी परवडत नाहीत, मग पागडीवाल्यांसारखा कायदा आम्हाला का नाही?

प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर राहतो, दर वर्षी भाडं वाढतं, गिरगाव-दादरला पागडीवाले (म्हणजे मालकाला एकदाच मोठी रक्कम, पागडी, देऊन जुन्या भाड्यावर राहणारे भाडेकरू) मात्र काही शे रुपयांत राहतात. मग सरकारने सगळ्यांचीच भाडी का गोठवू नयेत?

गोठवू नयेत. तुम्ही ज्या काही शे रुपयांबद्दल बोलताय त्यांच्या पावत्या आमच्याच घरात फाडल्या जायच्या, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

गिरगावात आजोबांची तीन मजली चाळ होती. खोल्या १९४० च्या आधीच भाड्याने दिलेल्या. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येईल तेवढं भाडं, सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. तेव्हा ते बरोबरही असेल. युद्ध संपलेलं, फाळणी झालेली, शहरात माणूस मावत नव्हता आणि मालक वाटेल ते मागत होते. पण ही तात्पुरती सोय होती, आणि मुदतवाढ घेत घेत ती पन्नास वर्षांवर चालली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालंय. मग १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकांना वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. चक्रवाढीने मोजलं तरी पंचवीस वर्षांनी होतात त्रेपन्न रुपये. बिलावर दुरुस्ती उपकर, पाणीपट्टी वगैरे धरून आकडा मोठा दिसतो, पण ते पैसे मालकाच्या खिशात राहत नाहीत.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची गोष्ट. नाव नको. त्यांच्याकडे दोन खोल्या, वडिलांच्या वेळेपासूनच्या. वडील १९३८ ला आले ते नुसत्या भाड्यावर, पागडी-बिगडी काही नाही. साहेब चांगल्या नोकरीत होते. त्यांनी मुलुंडला फ्लॅट घेतला, तिकडे राहायला गेले, आणि गिरगावातल्या खोल्यांना कुलूप.

सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरली नाही तर मालक ती परत मागू शकतो, असं कायद्यात आहे. बाबांनी दावा लावला. तेव्हापासून दर शनिवारी साहेबांचा भाचा यायला लागला. पंखा आणि दिवा लावायचा, गॅलरीत पेपर वाचत बसायचा आणि संध्याकाळी कुलूप लावून जायचा. का, तर विजेच्या बिलावर युनिटं दिसायला हवीत! कोर्टात तीच बिलं पुढे आली. गणपतीत तर सगळं कुटुंब येऊन आरती करून जायचं, शेजाऱ्यांना पेढे वाटायचं. शेजारी साक्ष देणार नव्हतेच. उद्या आपल्याही खोलीवर पाळी आली तर, ही भीती प्रत्येकाला.

त्याच काळात दुसऱ्या मजल्याची गॅलरी खचायला लागली. लाकडी तुळया, वरून गळती, कठडा हलतोय. बाबांनी कंत्राटदाराकडून अंदाज काढला. साऱ्या चाळीचं कैक वर्षांचं भाडं एकत्र केलं असतं तरी तो आकडा भरला नसता. बाबा खोलीखोलीत जाऊन म्हणाले, प्रत्येकाने थोडं घाला, उरलेलं मी कर्ज काढून घालतो. निम्म्या लोकांनी हो म्हटलं. साहेबांचं मात्र रजिस्टर्ड पत्र आलं की इमारत सुस्थितीत ठेवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, भाडेकरू एक पैसाही देणं लागत नाही. कायद्याने ते बरोबरच होतं. वर मालक दुरुस्ती करत नाही अशी तक्रारही त्यांनीच केली. शेवटी गॅलरीखाली टेकू लागले आणि बायका टेकूंमधून वाट काढत पाण्याला जायला लागल्या.

मग एक दिवस साहेब गिऱ्हाईक घेऊन आले. त्यांना पागडीने खोल्या द्यायच्या होत्या. २००० पासून पागडीचा व्यवहार कायदेशीर झालाय, मालकाची संमती लागते आणि गिरगावात मालकाचा वाटा साधारण एक तृतीयांश धरतात. दावा तडजोडीने मिटवायचा, बाबांनी तिसरा हिस्सा घ्यायचा, नव्या माणसाच्या नावाने पावती फाडायची. बाबांनी घेतला. का घेऊ नये? त्या पैशातून गॅलरी झाली. ज्या खोल्या कधी विकत घेतल्याच नव्हत्या त्यांचे दोन तृतीयांश साहेब घेऊन गेले. जाताना बाबांना म्हणाले, "शेवटी केलीत ना दुरुस्ती? मग इतकी वर्षं काय अडलं होतं?"

तळमजल्यावर एक आजी राहायच्या. यजमान गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. आजींनी शिवणकाम करून मुलं वाढवली. बाजारभावाने भाडं असतं तर त्या गिरगावात महिनाभर टिकल्या नसत्या. कायदा त्यांच्यासाठी होता, आणि असावाच. पण कायद्याच्या लेखी आजी आणि साहेब एकच. दोघांकडे पावती, दोघांना संरक्षण. माझा राग आहे तो यावर.

ऐपत बघून भेद करता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९९ च्याच कायद्याने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं. कंपनीची ऐपत मोजता येते, तर मुलुंडला फ्लॅट असलेल्या माणसाची का नाही? ज्याच्या नावावर त्याच शहरात दुसरं घर आहे त्याचं संरक्षण काढा, आजींसारख्यांचं ठेवा आणि त्यांच्या भाड्यातला फरक सरकारने मालकाला द्यावा. गरिबाला स्वस्त घर द्यायचंय ना? मग सगळ्यांच्या करातून द्या, एकट्या मालकाच्या डोक्यावर कशाला?

तुमच्याबद्दल बोलायचं राहिलंच. तुमचा तो अकरा महिन्यांचा करार १९४७ च्या त्या जुन्या कायद्याचंच पोर आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क नसताना नुसत्या परवानगीवर, राहत असलेल्या लोकांना त्या कायद्यातल्या एका दुरुस्तीने भाडेकरू करून टाकलं. तेव्हापासून मालकांनी धसका घेतला तो घेतलाच. भाड्यासाठी इमारती बांधणं थांबलं, जो तो विकायलाच बांधतो, आणि ज्यांचे फ्लॅट रिकामे आहेत ते कुलूप लावून बसतात. आज भाडी गोठवलीत तर आज ज्याचं नाव कागदावर आहे त्याचं भलं होईल. पुढच्या वर्षी नोकरीसाठी येणाऱ्याला घरच मिळणार नाही. तुम्ही निदान एवढं करा: करार तीन वर्षांचा करा, दर वर्षीची वाढ किती ते त्यातच लिहून घ्या, आणि नोंदणी झाल्याशिवाय राहायला जाऊ नका. नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती केली नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत तुमचा शब्द धरला जातो, हे दलालाला ऐकवा.

हे सगळं मी आमच्या मामांना अनेकदा ऐकवलंय. मामा दादरला पागडीच्या खोलीत राहतात आणि घरात काही कार्य असलं की बाबांना म्हणतात, "भाऊजी, तुम्ही मालक लोकांनी पागडी खाल्लीत, तीच किंमत होती. आता रडता कशाला?" काही मालकांच्या बाबतीत हे खरं आहे, तेवढं कबूल करते. कित्येकांनी रोख पागडी घेतली आणि पावती साध्या भाड्याची दिली. तेव्हा पागडी घेणं हा गुन्हा होता, म्हणून नोंद कुठेच नाही. काहींनी इमारत पडावी म्हणून मुद्दाम हात लावला नाही, असेही मालक आहेत. पण माझ्या आजोबांनी पागडी घेतलेली नाही. आणि पागडी हीच किंमत होती, तर किंमत मोजणाऱ्याने छप्पर शाकारायला मालकाकडे का बघायचं?

१९८६ च्या तरतुदीचं मामांना फार कौतुक. उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीतले सत्तर टक्के रहिवासी एकत्र आले तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट देऊन इमारत घेता येईल, अशी ती तरतूद. वीस रुपये भाड्याच्या खोलीचे झाले दोन हजार. मालक त्याविरुद्ध कोर्टात गेले. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला, आणि प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची साधनसंपत्ती नव्हे असं बहुमताने सांगितलं. मी तो निकाल मामांना पाठवला. त्यांनी उत्तरादाखल शुभ प्रभातचं फूल पाठवलं.

आता त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. एका खोलीच्या बदल्यात किमान तीनशे चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार, फुकट. मिळू दे, मला आनंदच आहे. फक्त पुढच्या वेळी "मालकांनी खाल्लं" म्हणण्याआधी मामांनी आपली शेवटची भाडेपावती बाबांसमोर ठेवावी, मग बोलू.